गप्प यंत्राचा पत्ता

निर्मल म्हटलं की लाकडी खेळणी आठवतात आणि बासर म्हटलं की सरस्वती. नांदेड, धर्माबादकडची कितीतरी कुटुंबं पोराच्या हाती पाटी देण्याआधी त्याला अक्षराभ्यासाला बासरला नेतात. गोदाकाठच्या त्याच गावात २००८ साली आंध्र प्रदेश सरकारने राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाचा एक कॅम्पस उभारला. उरलेले दोन नूझवीड आणि इडुपुलपाया इथे. बासर तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी निर्मल हा वेगळा जिल्हा झाला आणि बासर त्यात गेलं. आजूबाजूचे लोक या संस्थेला ट्रिपल आयटीच म्हणतात.

या विद्यापीठाची मूळ कल्पना त्या काळात धाडसाची होती. खेड्यापाड्यांतली हुशार मुलं दहावीनंतर थेट घ्यायची, सहा वर्षं तिथेच ठेवायची, प्रत्येकाच्या हाती लॅपटॉप द्यायचा आणि धडे कॅम्पसच्या नेटवर्कवरून पोचवायचे. पहिले कुलपती होते राज रेड्डी. १९९४ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळालेले हे संगणकशास्त्रज्ञ चित्तूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आले होते, त्यामुळे या कल्पनेमागे कोणाचा विचार असेल हे सहज लक्षात येतं.

हजारो लॅपटॉप, वसतिगृहं, प्रयोगशाळा, वर्ग. हे सगळं जोडणारी साधी पेटी म्हणजे नेटवर्क स्विच. निर्मल, भैंसा, मुधोळमधल्या दुकानांत, बँकेच्या शाखांत, झेरॉक्स सेंटरमध्येही तीच पेटी आठ-सोळा पोर्टांच्या धाकट्या रूपात भिंतीला टांगलेली असते आणि लोक तिला अजून ‘हब’च म्हणतात. बासरच्या रॅकमध्ये कोणत्या कंपनीच्या पेट्या आहेत याच्याशी या प्रकरणाला कर्तव्य नाही. एवढ्या मोठ्या जाळ्यात जे घडू शकतं, तेच लहान प्रमाणात भैंशातल्या दुकानातही घडतं. दोन्हीकडे एकच प्रश्न पडतो. माहितीचा तुकडा, म्हणजे पॅकेट, ज्याचं आहे त्यालाच द्यायचं हे स्विचचं काम. मग तो कधीकधी ते सगळ्यांना का वाटत सुटतो?

या वाटपाला इंजिनिअर ‘फ्लडिंग’ म्हणतात. पॅकेट आलं, ते ज्या पोर्टातून आलं तेवढा सोडून बाकी सगळ्या पोर्टांतून त्याची एकेक नक्कल बाहेर गेली, की झालं फ्लडिंग. (काटेकोर बोलायचं तर या पातळीवर त्याला फ्रेम म्हणतात, पण कामावरची माणसं पॅकेटच म्हणतात. आपणही तेच म्हणू.)

स्विचला अक्कल कशी येते

प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक पत्ता असतो, मॅक ॲड्रेस. तो बारा हेक्साडेसिमल अंकांत लिहितात. त्यातले पहिले २४ बिट कार्ड बनवणाऱ्या कंपनीचे, उरलेले त्या कार्डाचे. प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर असे दोन पत्ते असतात, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा.

नवा स्विच खोक्यातून काढून सुरू केला की त्याला कोणीही माहीत नसतं. कोणता लॅपटॉप कोणत्या पोर्टवर आहे याची यादी त्याला कोणी देत नाही. ती तो स्वतः बनवतो, आणि त्यासाठी फक्त पाठवणाऱ्याच्या पत्त्याकडे बघतो. पोर्ट ५ मधून अमुक पत्त्याने पाठवलेलं पॅकेट आलं, म्हणजे तो पत्ता पोर्ट ५ च्या बाजूला आहे. लगेच टेबलात नोंद होते: पत्ता, पोर्ट, वेळ. पुढे त्या पत्त्यासाठी काही आलं की टेबल बघायचं आणि फक्त पोर्ट ५ मधून सोडायचं. पत्ता टेबलात नसला तर फ्लडिंग. मालक कोणत्या तरी पोर्टामागे असेलच, त्याला मिळेल. बाकीच्यांची कार्डं ‘हे माझं नाही’ म्हणून ते टाकून देतील. गावात नव्याने आलेल्या माणसाचं घर माहीत नसेल तर त्याच्या नावाची दवंडी पिटतात, तसंच हे. एकदा त्याने ओ दिली की पुढच्या वेळी दवंडीचं काम नाही.

सगळं मर्म ‘ओ दिली की’ या अटीत आहे. स्विच ऐकून शिकतो, विचारून नाही. जे यंत्र बोलतं त्याचा पत्ता त्याला कळतो. जे नुसतं ऐकत बसतं त्याचा कधीच कळत नाही. फ्लडिंगच्या जवळजवळ प्रत्येक भानगडीच्या मुळाशी कुठेतरी एक गप्प यंत्र असतं, किंवा ज्याचं बोलणं या स्विचच्या कानावर पडत नाही असं यंत्र असतं. फ्लडिंग दिसलं की पहिली प्रतिक्रिया ‘हे बंद कसं करायचं’ अशी असते. ती चुकीच्या टोकाकडून सुरुवात आहे. ‘स्विचला हा पत्ता का ठाऊक नाही’ असं विचारलं तर उत्तर बहुधा अर्ध्या तासात सापडतं.

कधीकाळी सगळंच फ्लडिंग होतं

केबलवरच्या या नेटवर्क पद्धतीचा, म्हणजे इथरनेटचा, जन्म १९७३ सालचा, कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातला. बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांची रचना अशी होती की एकच जाडजूड केबल सगळ्या खोल्यांतून फिरवायची आणि सगळी यंत्रं तिलाच जोडायची. एकजण बोलला की सगळ्यांना ऐकू जायचं. ज्याचं असेल त्याने घ्यायचं, बाकीच्यांनी दुर्लक्ष करायचं. नंतर आलेल्या हबनेही हेच केलं, फक्त केबलच्या जागी पेटी आली. जिथे प्रत्येक पॅकेट सगळीकडे जातंच तिथे फ्लडिंग असा वेगळा शब्द कशाला लागेल?

ऐशीच्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कंपनीत ऐकून शिकणारा ‘ब्रिज’ तयार झाला. दोन केबलींच्या मध्ये बसून तो पलीकडे जायची गरज नसलेली पॅकेटं अडवायचा. त्याच तत्त्वावर अनेक पोर्टांचा पहिला इथरनेट स्विच १९९० मध्ये बाजारात आला. सात पोर्टांचा. बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं ‘कल्पना’. संस्थापकांपैकी एक, भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज, यांनी कंपनीला पत्नीचं नाव दिलं होतं. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली आणि नाव बाजारातून गेलं. नेटवर्किंगच्या आपल्याकडच्या वर्गांत ही गोष्ट कोणी सांगत नाही याचं मला नवल वाटतं.

म्हणजे स्विचने काही नवा रोग आणला नाही. आधी जे सर्रास चालायचं ते त्याने अपवादावर आणलं. अपवाद मात्र शिल्लक राहिला, आणि तो मुद्दाम राखलेला आहे. माहीत नसलेल्या पत्त्याचं पॅकेट फेकून द्यायचं ठरवलं असतं तर गप्प बसलेल्या प्रिंटरला पाठवलेलं पॅकेट त्याच्यापर्यंत पोचलंच नसतं.

पाच मिनिटं आणि चार तास

आता खरी गंमत. स्विचच्या टेबलातली नोंद कायमची नसते. माणसं लॅपटॉप उचलून या खोलीतून त्या खोलीत जातात. जुनी नोंद तशीच राहिली तर पॅकेटं रिकाम्या पोर्टवर जात राहतील. म्हणून ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं, त्या पत्त्यावरून एकही पॅकेट आलं नाही तर नोंद पुसली जाते. हा आकडा मूळ मानकातला आहे आणि बहुतेक स्विचवर आजही तोच असतो.

पाच मिनिटं गप्प राहिलेलं यंत्र स्विचच्या लेखी नाहीसं होतं. तरी रोजच्या कामात फ्लडिंग फारसं का जाणवत नाही? कारण दोन यंत्रं बोलायला लागण्याआधी एक विचारणा होते. १९८२ पासून चालत आलेल्या ‘आर्प’ नावाच्या पद्धतीने पहिलं यंत्र दुसऱ्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कने दिलेला पत्ता, घेऊन सगळ्यांना विचारतं, ‘अमुक आयपी कोणाचा? तुझा मॅक सांग.’ ही विचारणा सगळ्यांना जाते, ती जायलाच हवी. तिचं उत्तर मात्र एकच यंत्र देतं, आणि ते उत्तर स्विचमधून जाताना स्विच त्याचा पत्ता टिपून घेतो. नंतर फाइल उतरवणं असो की वेबपान बघणं, घेणारा दर थोड्या वेळाने ‘मिळालं, मिळालं’ अशी पोच देत असतो, म्हणून नोंद ताजी राहते. थोडक्यात, नीट मांडलेल्या लहान नेटवर्कवर अनोळखी पत्त्याचं फ्लडिंग जवळजवळ शून्य असायला हवं. ते सतत दिसत असेल तर त्याला नक्की कारण आहे.

नेहमीचं कारण घड्याळांच्या फरकात सापडतं. मॅकची नोंद स्विच पाच मिनिटं ठेवतो; आर्पचं उत्तर राउटर (एका नेटवर्कातून दुसऱ्यात पॅकेटं नेणारं यंत्र) आपल्याकडे किती वेळ ठेवतो? सिस्कोच्या राउटरवर ठरलेली मुदत १४,४०० सेकंद आहे. पूर्ण चार तास, म्हणजे अठ्ठेचाळीसपट. आता मोठ्या कॅम्पसवर एक सर्व्हर घ्या, ज्याचं काम फक्त इतर यंत्रांच्या नोंदी, म्हणजे लॉग, गोळा करणं आहे. शेकडो यंत्रं त्याच्याकडे राउटरमार्गे एकतर्फी पॅकेटं पाठवतात, तो कोणालाच पोच देत नाही. पाच मिनिटांनी स्विच त्याला विसरतो. राउटर मात्र विसरलेला नाही, त्याच्याकडे चार तास पुरेल एवढं उत्तर आहे. त्यामुळे तो पुन्हा विचारत नाही, सर्व्हर पुन्हा बोलत नाही आणि लॉगचा सगळा ओघ प्रत्येक पोर्टवर जात राहतो. चार तासांनी आर्प ताजा झाला की पाच मिनिटं शांतता, मग पुन्हा तेच. ‘नेटवर्क अधूनमधून मंद होतं, पण आपण बघायला गेलो की बरं असतं’ ही तक्रार ज्यांनी ऐकली आहे त्यांनी हे गणित मांडून बघावं.

याचीच अवघड आवृत्ती दोन राउटर असलेल्या जागी दिसते. एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून मोठ्या संस्था मध्यावर दोन राउटर-स्विच बसवतात. सर्व्हरचं जाणारं बोलणं पहिल्यातून जातं आणि त्याच्यासाठी येणारं दुसऱ्यातून येतं. सर्व्हर गप्प नाही, भरपूर बोलतो आहे. पण त्याचा आवाज दुसऱ्या स्विचच्या कानावर पडतच नाही. दुसरा स्विच पाच मिनिटांनी त्याला विसरतो आणि येणारं सगळं चारी दिशांना सोडतो. यात बिघडलेलं असं काहीच नसतं. प्रत्येक पेटी नियमाप्रमाणे वागते, दोन नियमांची घड्याळं तेवढी जुळत नाहीत. उपायही तेवढाच साधा आहे: दोन्ही मुदती जुळवायच्या. आर्पची मुदत पाच मिनिटांच्या आत आणा किंवा मॅकची मुदत चार तासांपर्यंत न्या. पहिला मार्ग मला बरा वाटतो, कारण यंत्रं जागा बदलतात आणि चार तास जुना पत्ता बाळगणारा स्विच वेगळ्या तक्रारी ओढवून घेतो.

संगणक प्रयोगशाळेत आणखी एक कारण आढळतं. तास सुरू झाला, मुलांनी साठ पीसी एकामागून एक चालू केले. जाळ्यात वेटोळं होऊ नये म्हणून स्विच आपसात जो करार पाळतात (त्याची गोष्ट पुढे येते) त्यानुसार कोणताही पोर्ट जिवंत झाला किंवा मेला की ‘रचना बदलली’ अशी वार्ता सगळीकडे फिरते. जुन्या मानकात ही वार्ता मिळालेला स्विच पाच मिनिटांची मुदत काही काळ पंधरा सेकंदांवर आणतो. नव्या मानकात नोंदी जवळजवळ तत्काळ पुसल्या जातात. साठ पीसी, साठ वार्ता. टेबल भरतं न भरतं तोच पुन्हा रिकामं. ज्या पोर्टांना फक्त पीसी जोडायचे आहेत ते ‘कडेचे पोर्ट’ आहेत, त्यांची वार्ता देऊ नको, एवढं स्विचला सांगितलं की हा त्रास थांबतो. सिस्कोवर या सोयीचं नाव पोर्टफास्ट.

ज्या पत्त्यावरून कोणीच बोलत नाही

बासरसारख्या कल्पनेचा कणा म्हणजे नेटवर्कवरून जाणारा धडा. समजा शिक्षकाचं चित्रण सेकंदाला ४ मेगाबिट जागा घेतं आणि ५०० लॅपटॉप ते एकाच वेळी बघतात. प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवली तर सर्व्हरला २,००० मेगाबिट ओतावे लागतील. एक गिगाबिटची तार केव्हाच भरून जाईल. यावर तोड म्हणजे मल्टिकास्ट. सर्व्हर एकच प्रत एका गटाच्या पत्त्यावर पाठवतो, ज्यांना हवी ते त्या गटात सामील होतात. सर्व्हरचे ४ मेगाबिट चारच राहतात.

इथेच साधा स्विच फसतो. गटाचा पत्ता हा नेहमी घेणाऱ्याच्या जागी येतो, पाठवणाऱ्याच्या जागी कधीच नाही. जो पत्ता कधी बोलतच नाही तो ऐकून शिकणाऱ्याला कसा कळणार? त्यामुळे धड्याचं चित्रण वर्गाबरोबर वसतिगृहात, कार्यालयात, ग्रंथालयातल्या प्रिंटरलाही पोचतं. वायफायवर तर आणखी पंचाईत. तिथे अशी पॅकेटं दूरच्यालाही ऐकू जावीत म्हणून बहुधा सर्वांत कमी वेगाने सोडली जातात आणि हवेतला वेळ खाऊन टाकतात.

यावरचा तोडगा हुशारीचा आहे. गटात सामील होताना लॅपटॉप एक छोटा अर्ज पाठवतो, ‘मला हा धडा हवा.’ अर्ज असतो राउटरसाठी, पण स्विच तो मधल्यामध्ये वाचतो आणि त्या पोर्टची नोंद करतो. याला आयजीएमपी स्नूपिंग म्हणतात. म्हणजे गप्प पत्त्यावरही स्विचने वाट काढली ती ऐकूनच, फक्त या वेळी दुसऱ्याचं पत्र चोरून वाचून! मात्र एक अट आहे. कोणीतरी साधारण दोन मिनिटांनी ‘अजून कोणाकोणाला हवंय?’ असं विचारत राहिलं पाहिजे, एरवी नोंदी मुदत संपून गळून पडतात. राउटर नसलेल्या छोट्या नेटवर्कवर हे विचारणारं कोणी नसतं. स्नूपिंग चालू, विचारणारा गायब, आणि चित्र चार-पाच मिनिटं चालून अचानक थांबतं, असा घोळ मग होतो. लोक तेवढ्यावरून स्नूपिंगच बंद करतात आणि फ्लडिंगला दार उघडून देतात. त्याऐवजी एका स्विचला विचारणाऱ्याची भूमिका द्यायची असते.

वेटोळं

आतापर्यंतचं फ्लडिंग वाया जाणारं होतं, पण मरणारं होतं. पॅकेट सगळ्यांकडे जाई आणि संपे. ते न संपण्याचीही एक तऱ्हा आहे.

वसतिगृहाच्या खोलीत कोणीतरी आठ पोर्टांचा स्वस्त स्विच आणतं. टेबलाखाली लोंबणारं केबलचं मोकळं टोक दिसतं आणि ते रिकाम्या पोर्टात खोचलं जातं. दुसरं टोक त्याच स्विचमध्ये किंवा भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये आहे हे कोणी बघत नाही. झालं वेटोळं. आता कोणाचीही आर्प विचारणा आली की स्विच ती सगळीकडे सोडतो, ती वेटोळ्यातून फिरून परत त्याच्याकडेच येते, तो पुन्हा सोडतो. आयपीच्या पॅकेटला आयुष्याची मर्यादा असते, प्रत्येक राउटरपाशी एक अंक कमी होत होत ते मरतं. इथरनेटच्या माथ्यावर असा रकानाच नाही. त्यामुळे वेटोळ्यात सापडलेलं पॅकेट तार उपटेपर्यंत फिरत राहतं. गिगाबिट तारेवरून सर्वांत लहान आकाराची पॅकेटं सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात. मोजक्या विचारण्यांतून तार त्या मर्यादेला जाऊन भिडते. शिवाय एकाच लॅपटॉपचा पत्ता क्षणात या पोर्टवरून तर क्षणात त्या पोर्टवरून आलेला दिसतो, त्यामुळे स्विचचं टेबलही खोटं पडतं.

या वेटोळ्यावर उपाय शोधला रेडिया पर्लमन यांनी, डिजिटल इक्विपमेंटमध्ये असताना. स्विच एकमेकांना निरोप पाठवून एक मुळाचा स्विच निवडतात आणि जास्तीच्या तारा स्वतःच अडवून ठेवतात. उरतं ते झाड, ज्यात वेटोळं असूच शकत नाही. हाच स्पॅनिंग ट्री. १९८५ च्या त्यांच्या शोधनिबंधात या रीतीवर त्यांनी स्वतः रचलेली एक कविताही आहे, आणि ती नेटवर्कवाल्यांना निबंधापेक्षा जास्त पाठ असते. १९९० मध्ये ही रीत अधिकृत मानक झाली. मात्र वसतिगृहातल्या त्या स्वस्त पेटीत ती बहुधा नसते.

आणि असली तरी तिलाही मर्यादा आहेत. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचं नेटवर्क सुमारे चार दिवस कोलमडलं. विभागांना विभाग जोडत जाळं इतकं लांबवलं गेलं होतं की स्पॅनिंग ट्रीने गृहीत धरलेल्या टप्प्यांच्या पलीकडे ते गेलं होतं. भार वाढला, निरोप वेळेवर पोचेनात, अडवलेल्या वाटा उघडल्या आणि पॅकेटं फिरत राहिली. डॉक्टरांना कागदी नोंदींवर परतावं लागलं. रुग्णालयाच्या माहिती विभागाचे प्रमुख जॉन हालमका यांनी ही हकीगत झाकून न ठेवता जाहीरपणे सांगितली, म्हणून ती आज शिकवली जाते. आपल्याकडच्या संस्थांनी एवढा मोकळेपणा दाखवला असता तर या प्रकरणाला उदाहरणं जवळचीच मिळाली असती.

जेव्हा कोणी मुद्दाम करतं

टेबलाला आकार असतो. लहान स्विचमध्ये साधारण आठ हजार पत्ते मावतात, फार स्वस्तात त्याहूनही कमी. १९९९ च्या सुमारास ‘मॅकऑफ’ नावाची एक छोटी आज्ञावली पसरली. ती दर क्षणाला बनावट पत्त्यांची पॅकेटं सोडत राहते. टेबल गच्च भरतं, खऱ्या पत्त्यांना जागा उरत नाही आणि स्विच पुन्हा हबसारखा वागू लागतो. हल्लेखोराने आपल्या लॅपटॉपवर बसून इतरांची पॅकेटं वाचायची. आधीच्या नोंदी लगेच जात नाहीत, पण कोणी पाच मिनिटं गप्प बसला की त्याची जागा बनावट पत्ता घेतो. थांबायची तयारी असली की झालं.

यावरची तजवीज सोपी आहे. एका पोर्टवर दोन-तीनपेक्षा जास्त पत्ते दिसले तर पोर्ट बंद करायचा. स्विचवर ही सोय असते, पण ती चालू करावी लागते. संकेतस्थळांवर आज बहुतेक मजकूर कुलूपबंद जातो, म्हणून पॅकेट हाती लागून पूर्वीइतका फायदा होत नाही. तरी कोण कोणाशी बोलतं हे दिसतंच, आणि आतल्या प्रिंटरला जाणारी प्रश्नपत्रिका कुलूपबंद असतेच असं नाही.

हल्लेखोर नसतानाही टेबलातले पत्ते वाढू शकतात. अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला खरा मॅक न देता बनवलेला पत्ता देतात. खासगीपणासाठी हे चांगलंच आहे, पण वसतिगृहाच्या नेटवर्कला त्यामुळे एकाच फोनचे कालांतराने एकाहून जास्त पत्ते भेटू शकतात.

बघायचं कसं

वायरशार्क हे पॅकेट बघायचं मोफत सॉफ्टवेअर. १९९८ मध्ये ते वेगळ्या नावाने सुरू झालं, २००६ पासून हे नाव. लॅपटॉप स्विचच्या एखाद्या रिकाम्या पोर्टला केबलने जोडा आणि दहा मिनिटं पकडा. आपल्या पत्त्याची, सगळ्यांसाठीची आणि गटांसाठीची पॅकेटं गाळून टाका. उरेल ते दुसऱ्यांचं आहे आणि ते तुमच्याकडे यायला नको होतं.

उरलेल्यात एक खूण हमखास बघावी. दोन यंत्रांच्या संवादाची एकच बाजू दिसते का? सर्व्हरकडे जाणारं सगळं दिसतं आणि सर्व्हरकडून येणारं काहीच नाही, म्हणजे सर्व्हरचा पत्ता या स्विचला माहीत नाही आणि समोरच्याचा माहीत आहे. अर्धा संवाद म्हणजे फ्लडिंग. दोन्ही बाजू दिसत असतील तर दोन्ही पत्ते हरवले आहेत: टेबल भरलं आहे, सतत पुसलं जात आहे, किंवा पेटी खरंच जुना हब आहे. काही न गाळता बघताना तेच ते पॅकेट हजारदा दिसलं तर वेटोळं. मोजकी पॅकेटं येऊन थांबली तर काही करू नका, तो स्विच शिकत होता.

मग घेणाऱ्याचा पत्ता टिपून स्विचवर जा आणि मॅक टेबलात तो शोधा. नसेल तर ते यंत्र कोणतं आहे ते शोधा. विंडोज सर्व्हरचा भार वाटून घेणारा समूह एका पद्धतीत मुद्दाम आपला सामायिक पत्ता स्विचपासून लपवतो, म्हणजे पॅकेट समूहातल्या सगळ्यांना पोचावं. तिथे फ्लडिंग हाच बेत असतो आणि त्या समूहाला वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचांवर आखलेल्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये, ठेवणं एवढंच करता येतं. फ्लडिंग व्हीलॅनची हद्द ओलांडत नाही. म्हणूनच मोठ्या कॅम्पसवर वसतिगृह, प्रयोगशाळा आणि कार्यालय एकाच सपाट नेटवर्कवर ठेवणं हा आळस आहे, काटकसर नव्हे.

काही स्विचवर अनोळखी पत्त्याची पॅकेटं सरसकट अडवायची आज्ञा असते. ती दिसली की हात शिवशिवतात. पण झोपी गेलेला प्रिंटर, महिन्यातून एकदा बोलणारा मीटर, हजेरीचं यंत्र यांना जागं करणारं पॅकेट त्यांच्यापर्यंत बऱ्याचदा फ्लडिंगनेच पोचतं. ती वाट बंद केली की ‘यंत्र बिघडलं’ म्हणून दुरुस्तीवाला येतो आणि त्याला काही सापडत नाही. ही आज्ञा फार विचार करून वापरावी. डेटा सेंटरमध्ये आता स्विच एकमेकांना पत्ते आपणहून कळवतात, २०१५ पासून त्यासाठी ईव्हीपीएन नावाचं मानक आहे; तिथे फ्लडिंग खूप कमी होतं. पण पहिला पत्ता कळायला यंत्राने एकदा बोलावंच लागतं, हे तिथेही सुटलेलं नाही.

तुमच्या शाळेत, दुकानात, पतसंस्थेत भिंतीवरच्या पेटीचे सगळे दिवे एका तालात लुकलुकू लागले आणि नेट रांगू लागलं, तर लगेच नवा स्विच विकत आणू नका. एकेक केबल काढून बघा. एखादी काढताच दिवे शांत झाले तर वेटोळं सापडलं. नाही झाले तर वायरशार्क लावा आणि अर्धा संवाद कोणाचा आहे ते शोधा. आणि पुढचा स्विच घ्यायची वेळ येईल तेव्हा, थोडे जास्त पैसे पडले तरी, ज्याचं मॅक टेबल उघडून वाचता येतं असाच घ्या.